मंत्री बदलले, जीआर बदलले. जुन्या नोंदवह्या मात्र चालूच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शिक्षणमंत्री बदलले की वर्तमानपत्रांत दोन प्रश्नांची चर्चा होते: नवे मंत्री कोण आणि त्यांची पहिली घोषणा काय. शाळांच्या स्टाफरूममध्ये तिसराच प्रश्न असतो: आत्ता जे चालू आहे त्यातले काय बंद होणार? त्याचे उत्तर बहुधा कुठेच लेखी मिळत नाही. शिक्षकांना कुठलाच बदल नको असतो, असा समज एव्हाना पक्का झाला आहे. सुरू झालेले काही पुरे होत नाही आणि बंद झालेले सुटत नाही, यातून जो थकवा येतो त्याबद्दल हे पत्र आहे.

ऑक्टोबर २०१४ पासून मधली तात्पुरती खातेवाटपे सोडली तरी विनोद तावडे, आशिष शेलार, वर्षा गायकवाड, दीपक केसरकर आणि दादाजी भुसे असे पाच शालेय शिक्षणमंत्री राज्याने पाहिले. तावडे यांना जवळपास पाच वर्षे मिळाली, शेलार यांना जेमतेम पाच महिने. जून २०१४ मध्ये पहिलीत बसलेले मूल मार्च २०२४ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसले, तोवर त्याने राजेंद्र दर्डा धरून पाच मंत्री पाहिले. लोकशाहीत मंत्री बदलणारच, त्याला कुणाची हरकत नाही. पण मंत्र्यांपाठोपाठ सचिव, आयुक्त, संचालकही बदलतात. आधीचा उपक्रम का सुरू केला होता आणि त्यातून काय हाती लागले, हे सांगणारा माणूसच मग कार्यालयात उरत नाही. फाइल असते, पण ती उघडण्यापेक्षा नवी उघडणे सोपे जाते.

सगळ्यात ठळक उदाहरण दहावीच्या २० गुणांचे. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुण शाळेच्या हातात, अशी पद्धत होती. शाळा हे २० गुण सढळ हाताने वाटतात, ही तक्रार होती आणि ती खरीच होती. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही मिळून ३५ गुण लागत. शाळेने १८ दिले की लेखी परीक्षेत ८० पैकी १७ पुरेसे होत. म्हणून २०१८-१९ पासून या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले. पण त्याच वर्षी दहावीची पुस्तकेही नवी होती आणि मराठीची नेहमीची प्रश्नपत्रिका जाऊन कृतिपत्रिका, म्हणजे पाठांतराऐवजी कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, आली होती. तिन्ही बदल एकाच बॅचच्या माथी. मार्च २०१९ चा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. ही घसरण अंतर्गत गुण गेल्यामुळे झाली, कृतिपत्रिकेची सवय नसल्यामुळे झाली, की नवा अभ्यासक्रम पुरता शिकवून झाला नव्हता म्हणून, हे कळण्याची सोयच कुणी ठेवली नव्हती. निकाल ८ जूनला लागला, १६ जूनला खात्याचे मंत्री बदलले, आणि ऑगस्टमध्ये, शाळा सुरू होऊन दोन महिने झाल्यावर, ८०-२० परत आले. मार्च २०२० चा निकाल ९५.३० टक्के. त्या वर्षी भूगोलाचा पेपर करोनामुळे झालाच नाही, हेही धरायला हवे. पण २० गुणांचा वाटा कुणापासून लपलेला नाही.

या सगळ्या धावपळीत मूळ प्रश्नाला हातही लागला नाही. तोंडी परीक्षा प्रत्यक्षात घेतली जात नाही, कारण ती घ्यायला वेळ नसतो. दहावीच्या एका तुकडीत ६० मुले धरा. प्रत्येकाला ऐकणे, वाचणे, बोलणे यासाठी मिळून पाच मिनिटे दिली तरी एका भाषेचे पाच तास होतात, तीन भाषांचे पंधरा. हे तास वेळापत्रकात कुठेच दाखवलेले नसतात. मग तक्ता भरला जातो. तोंडी परीक्षेसाठी दिवस ठरवून देणे, शेजारच्या शाळेचा परीक्षक बोलावणे, दहांतल्या एखाद्या मुलाची फेरतपासणी करणे, अशा साध्या उपायांनी ते २० गुण खरे करता आले असते. त्याऐवजी आधी गुण काढले, मग परत आणले. भाषा बोलता येण्याची परीक्षा आजही घेतली जात नाही.

प्राथमिक शाळेत मूल्यमापनाचे जे झाले ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगणेही अवघड आहे. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणारे) ७० आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) ३०, तिसरी-चौथीला ६०-४०, पाचवी-सहावीला ५०-५०, सातवी-आठवीला ४०-६०. आकारिकची साधने आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय, इतर. त्याशिवाय प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयातल्या वर्णनात्मक नोंदी. कल्पना चांगलीच होती. मूल काय करू शकते हे शब्दांत लिहायला लागले की शिक्षक मुलाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतो, हे ज्यांनी मनापासून केले त्यांना ठाऊक आहे. पण ३५ मुले, आठ विषय, दोन सत्रे, म्हणजे ५६० नोंदी झाल्या. बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या आणि 'परिपाठात सक्रिय सहभाग घेतो' हे वाक्य राज्यभरच्या मुलांच्या नावापुढे चिकटले. हे असे का झाले, याचा आढावा घेऊन नोंदी वर्षाला मुलामागे चार-पाचवर आणता आल्या असत्या. तसे काही न होता २०१५ मध्ये वर दुसरा थर चढला.

२२ जून २०१५ च्या निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आला. पायाभूत चाचणी आली, संकलित चाचण्या आल्या, वर्गांच्या फरशा आणि भिंती रंगल्या, शाळा 'प्रगत' घोषित होऊ लागल्या. ज्ञानरचनावादी वर्ग पाहायला एका जिल्ह्यातले शिक्षक दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ लागले. स्वतःच्या खर्चानेही गेले. एवढा उत्साह त्याआधी क्वचितच दिसला होता. पण मूल्यमापनाची २०१० ची चौकट तशीच राहिली. म्हणजे नव्या चाचण्याही घ्यायच्या आणि जुन्या नोंदीही ठेवायच्या. पुढे सत्ता बदलली, अधिकारी बदलले, त्या कार्यक्रमाचा शब्दही कुणी काढेनासे झाले. तो संपला असा कागद मात्र कुणी काढला नाही.

आता आजचे चित्र पाहा. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. पाचवीला प्रत्येक विषयाची ५० गुणांची, आठवीला ६० गुणांची. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के, म्हणजे पाचवीला १८ आणि आठवीला २१. बाकीच्या इयत्तांना श्रेणी आणि वरचा वर्ग. म्हणजे एकाच शाळेत चौथीच्या मुलाला श्रेणी, पाचवीत त्याला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण, सहावीत पुन्हा श्रेणी. पालक विचारतात, काय सांगायचे? त्यातली खरी गोम पुढे आहे. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, असे २०१९ ची कायदादुरुस्ती सांगते. निकाल १ मे रोजी. मे महिना सुटीचा. ऊसतोड, वीटभट्टी, मामाचे गाव, जे काही असेल तिकडे मूल गेलेले. विदर्भात तर उन्हामुळे शाळा उशिराच उघडतात. मग पूरक मार्गदर्शन कधी आणि कुणाला? फेरपरीक्षेपुरते चार दिवस आधी मूल शोधून आणले जाते आणि अक्षर वाचता येईल एवढे पाहून पुढे ढकलले जाते. नापास करू नये या धोरणावर हजार आक्षेप घेता येतील. पण नापास करण्याच्या धोरणाला शिकवण्याचे दिवसच दिले नाहीत, तर दोन्हींत फरक कागदाचाच.

२०२३-२४ मध्येच नियतकालिक मूल्यांकन चाचणी, म्हणजे आम्ही जिला 'पॅट' म्हणतो ती, सुरू झाली. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. ३० मुलांच्या वर्गाला वर्षात २७० उत्तरपत्रिका, शाळेच्या इतर विषयांच्या परीक्षा वेगळ्या. प्रश्नपत्रिका तालुक्याला येतात, तिथून केंद्रावर (आसपासच्या शाळांच्या गटाचे ठिकाण), केंद्रावरून शाळेत. पटसंख्येचा आकडा यू-डायस या शाळांच्या माहितीच्या पोर्टलमधून उचललेला असतो, त्यात नंतर दाखल झालेली मुले नसतात, म्हणून पाच-सात प्रती कमी पडतात. झेरॉक्स काढायची तर गोपनीयता मोडते आणि खर्च कुठल्या खाती टाकायचा तेही कळत नाही. तपासून झाल्यावर विद्यार्थिनिहाय गुण मोबाइलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचे. शेवटच्या दिवशी सगळा जिल्हा एकदम भरायला बसतो, यंत्रणा अडकते, आणि दुसऱ्या दिवशी 'काम अपूर्ण असलेल्या शाळा' म्हणून यादी ग्रुपवर फिरते. एवढे गुण गोळा झाल्यावर शाळेला काय परत मिळावे? अमुक मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, तमुक मुले जोडाक्षरापाशी अडतात, एवढे कळले तरी पुढचा महिना सत्कारणी लागेल. शाळेला बहुतेक वेळा टक्केवारीचा आलेख मिळतो, आणि तोही पुढची चाचणी तोंडावर आली असताना.

एप्रिल २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षांचे राज्यभर एकच वेळापत्रक निघाले: ८ ते २५ एप्रिल. निकाल १ मे रोजी लावायचा. मधे उरतात पाच दिवस, त्यात एक रविवार. प्राथमिकच्या छोट्या वर्गांचे पेपर अगदी शेवटी. दोनशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग असतात; त्याने पेपर तपासायचे, आकारिक-संकलितची बेरीज करायची, श्रेण्या काढायच्या, प्रगतिपत्रके लिहायची, निकालपत्रक केंद्रप्रमुखांकडून तपासून घ्यायचे. एप्रिलअखेरपर्यंत मुले शाळेत यावीत हा हेतू समजू शकतो. पण वेळापत्रक ठरवणाऱ्याने एका वर्गाचा निकाल स्वतः एकदा लावून पाहिला असता, तर शेवटचा पेपर चार दिवस आधी आला असता.

शाळा तपासण्याच्या पद्धतीचेही तेच. 'शाळा सिद्धी' या शाळांच्या मूल्यमापनाच्या कार्यक्रमात सात क्षेत्रे आणि ४६ गाभामानके होती. मुख्याध्यापकांनी ती समजून घेतली, स्वयंमूल्यमापन भरले, बाह्यमूल्यमापनाची वाट पाहिली. ते सगळ्या शाळांपर्यंत पोहोचायच्या आत नवा गुणवत्ता आराखडा आला, त्यात मानके १२८. प्रत्येक मानकासाठी पातळी निवडायची आणि पुरावा म्हणून फोटो किंवा पीडीएफ चढवायचा. आधीच्या ४६ मधून काय निष्पन्न झाले, कुठली शाळा कुठल्या पातळीवरून कुठे गेली, याची तुलना आता होऊच शकत नाही, कारण मोजपट्टीच बदलली. खुद्द राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद २०१६ मध्ये 'विद्या प्राधिकरण' झाली आणि पुढे पुन्हा परिषद झाली. पाट्या, शिक्के, लेटरहेड दोनदा बदलले एवढेच त्यातले शाळेला दिसलेले.

वह्यांची पाने पुस्तकात घालण्याच्या निर्णयाबद्दल बरेच लिहून झाले आहे, म्हणून थोडक्यात. मार्च २०२३ च्या निर्णयाने दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत आली, सगळे विषय एकत्र, पाठाच्या शेवटी नोंदींसाठी कोरे पान. दप्तर हलके व्हावे, गरीब मुलाला वही मिळावी, हा हेतू. एका पानात गणिताची सहा उदाहरणे मावत नाहीत, म्हणून वह्या घ्याव्याच लागल्या. संकलित दोनची उजळणी करायची तर पहिला भाग लागतो, आणि तो तोवर फाटलेला किंवा हरवलेला असतो. सहावीच्या पुढे विषयाचे शिक्षक वेगळे. प्रत्येकाला चारही भाग जवळ बाळगावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये कोरी पाने रद्द झाली. रद्द केले ते योग्यच. पण या अडचणी दहा शाळांत एक सत्र वापरून पाहिले असते तरी कळल्या असत्या. राज्यभर छापून दोन वर्षे घालवायची गरज नव्हती.

गणवेशातही हाच धडा आहे. शाळा व्यवस्थापन समितीला मुलामागे दोन गणवेशांचे ६०० रुपये मिळत. गावातला किंवा जवळच्या बाजारातला शिंपी शाळेत येऊन मापे घेई, सैल-घट्ट झाले तर तोच दुरुस्त करून देई. 'एक राज्य एक गणवेश' आल्यावर कापड राज्यस्तरावर खरेदी झाले, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे गेली. मापे ठोकळ आकारांची. एकाच वर्गात सात वर्षांचे किरकोळ मूल आणि नऊ वर्षांचे दणकट मूल शेजारी बसते, ते तक्त्यात कुठे बसणार? अनेक शाळांत १५ ऑगस्टला मुले जुन्याच गणवेशात झेंड्याला उभी होती. डिसेंबर २०२४ मध्ये अधिकार पुन्हा समित्यांकडे आले. बचत गटांच्या महिलांनाही यातून धड काही मिळाले नाही, आणि दोष मात्र त्यांच्या माथी गेला.

पोषण आहारात आठवड्याला एक अंडे नोव्हेंबर २०२३ मध्ये आले, जून २०२४ मध्ये तीन पदार्थांचे ताट आले, जानेवारी २०२५ मध्ये पाककृती कमी होऊन अंडी आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले, लोकसहभागातून करा म्हणून. तांदूळ मात्र पाचवीपर्यंत १०० ग्रॅम आणि आठवीपर्यंत १५० ग्रॅम हा हिशेब स्थिर आहे, म्हणूनच त्यात गोंधळ कमी होतो. हा मुद्दा मुद्दाम सांगतो आहोत: जे वर्षानुवर्षे एकसारखे राहते ते खेड्यातल्या स्वयंपाकी ताईंपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ होते.

तिसऱ्या भाषेचा घोळ तर ताजाच आहे. १६ एप्रिल २०२५ च्या निर्णयाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य, १७ जूनच्या शुद्धिपत्रकाने 'सर्वसाधारणपणे' हिंदी आणि दुसरी भाषा हवी असेल तर किमान २० मुले, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे, विषय डॉ. नरेंद्र जाधव समितीकडे. मधल्या काळात १६ जूनला राज्याच्या बहुतेक भागात शाळा उघडल्या होत्या. पहिलीच्या वेळापत्रकात त्या तासिका कुठे बसवायच्या हे शाळांनी आधी ठरवले, मग मोडले. बहुतांश शिक्षक संघटनांचा आणि पालकांचा विरोध होता, तेव्हा निर्णय मागे घेतला याचा आनंदच आहे. पण समिती आधी नेमायची असते, निर्णयानंतर नव्हे. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा सप्टेंबर २०२४ चा निर्णय असाच आधी वीसवरून दहावर आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला. वंचित मुलांच्या २५ टक्के प्रवेशांतून शासकीय व अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना सूट देणारी फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रद्द केली. तोवर शाळा सुरू होऊन गेल्या होत्या आणि ती मुले घरी होती.

काही निर्णय तर अमलात येण्याआधीच विरतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून 'सरल' या विद्यार्थ्यांच्या माहितीच्या पोर्टलवर चढवण्याचा निर्णय निघाला होता. जानेवारीत तो थांबला. मुले शाळेबाहेर राहू नयेत म्हणून हा उपाय होता. पण जे मूल शाळेत आलेच नाही ते सेल्फीत कसे येणार, हे विचारायचे राहून गेले.

एवढे बदल शिक्षकापर्यंत पोहोचतात कसे, तेही पाहण्यासारखे आहे. राज्यस्तरावर सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, तयार होतात, ते जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण देतात, तिथले तालुक्याला, तालुक्याचे केंद्राला. चार पायऱ्या उतरताना पाच दिवसांचा आशय दीड दिवसाचा होतो, आणि प्रश्न विचारला तर 'वरून स्पष्टीकरण मागवले आहे' हे उत्तर मिळते. प्रशिक्षणाच्या दिवशी एकशिक्षकी शाळा बंद राहते, नाहीतर शेजारच्या शाळेचा शिक्षक दोन्हीकडे धावतो. त्यातून सगळ्यात मोठे नुकसान असे होते की शिक्षक कुठल्याच गोष्टीवर विश्वास ठेवेनासा होतो. नवे काही आले की अनुभवी सहकारी नवख्याला सांगतो, फार मनावर घेऊ नको, फोटो काढून ठेव, साहेब बदलेपर्यंतच आहे. हा सल्ला वाईट आहे आणि दुर्दैवाने बहुतेक वेळा खरा ठरतो. मग 'निपुण'सारखा कार्यक्रम, ज्यात तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधे हिशेब यावेत एवढीच रास्त अपेक्षा आहे, तोही त्याच रांगेत उभा राहतो. त्याचेही फोटोच निघतात.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक याव्यतिरिक्त अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये असे सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांचे वर्गीकरण करणारा निर्णयही निघाला. पण माहिती मागवणे हे कुठल्याच यादीत 'काम' म्हणून मोजले जात नाही. यू-डायस प्लस, सरल, शालार्थ (पगाराचे), आपार (विद्यार्थ्याच्या ओळख क्रमांकाचे), पोषण आहाराची दैनंदिन नोंद, विद्या समीक्षा केंद्र (चाचण्यांच्या गुणांचे). प्रत्येकाचे लॉगिन वेगळे, आणि विद्यार्थ्यांच्या पोर्टलांवर विद्यार्थ्याचे तेच नाव, तीच जन्मतारीख, तोच आधार क्रमांक प्रत्येक ठिकाणी. एका ठिकाणी नावात वेलांटी चुकली तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरतात त्यात, ते मूल धरले जात नाही आणि एक पद जाते. शिवाय दुपारी अडीच वाजता ग्रुपवर प्रपत्र येते: आज सायंकाळी पाचपर्यंत, माहिती निरंक असली तरी पाठवावी. त्या अडीच तासांत वर्गात काय चालले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची आणखी एक तऱ्हा. शिकवणे शालेय शिक्षण विभागाचे, बदली ग्रामविकास विभागाची. त्या बदल्यांचे धोरणही २०१७, २०२१ आणि २०२४ असे तीनदा नव्याने आले.

आमची मागणी धोरणे थांबवण्याची नाही. शासन निर्णयाच्या वरच्या बाजूला 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. त्या यादीतला कुठला निर्णय आता अधिक्रमित झाला, म्हणजे नव्याने रद्दबातल ठरला, आणि त्याखालची कुठली नोंदवही, कुठले प्रपत्र, कुठले पोर्टल आजपासून बंद, एवढे एका परिच्छेदात लिहिणे सक्तीचे करावे. हे लिहायला पैसा लागत नाही. ज्या निर्णयाला शाळेत अंमल हवा आहे तो ३१ मार्चपूर्वी निघावा. त्यानंतर निघालेला पुढच्या वर्षासाठी धरावा, मंत्री कुणीही असोत. मूल्यमापनात बदल करायचा तर ज्या इयत्तेत तो सुरू झाला त्या मुलांचा टप्पा पुरा होईपर्यंत, म्हणजे प्राथमिकचा पाच वर्षे आणि उच्च प्राथमिकचा तीन वर्षे, त्याला हात लावू नये, आणि एका वर्षात एकाच बॅचवर दोन बदल नकोत. एखादा उपक्रम बंद करायचा असेल तर आधी त्याचा अहवाल संकेतस्थळावर टाकावा. अहवाल वाईट असला तरी टाकावा, कारण पुढच्या मंत्र्यांना तोच प्रयोग पुन्हा सुचण्याची शक्यता दाट आहे.

आणि प्रायोगिक शाळा निवडताना रस्त्याकडेच्या, पटसंख्या भरपूर असलेल्या, आधीच नावाजलेल्या शाळा निवडू नयेत. नंदुरबार किंवा गडचिरोलीतली दोनशिक्षकी शाळा, मराठवाड्यातली ऊसतोडीमुळे ऑक्टोबरमध्ये निम्मी रिकामी होणारी शाळा आणि मुंबईतली महापालिकेची दोन सत्रांत भरणारी शाळा, अशा तीन ठिकाणी एक वर्ष काढलेला निर्णय राज्यात कुठेही चालेल. पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी जे काही ठरत असेल त्याला अजून तेवढा वेळ आहे. तोवर शिक्षण आयुक्तालयाने २०१० पासूनच्या निर्णयांपैकी आज कुठले लागू आहेत याची एक यादी काढली, तरी केंद्रावरच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला होणारा एक वाद मिटेल.

आपले,
जिल्हा परिषद व अनुदानित शाळांतील काही शिक्षक